उंबऱ्याबाहेरची लिपी

इतिहास म्हटला की शिलालेख, ताम्रपट आणि बखरी आठवतात. टिकले तेवढ्याचाच इतिहास झाला. मला मात्र दिवाळी आली की एक निराळीच लिपी खुणावू लागते. सकाळी काढावी आणि संध्याकाळपर्यंत पावलांखाली पुसून जावी, अशी ती रांगोळी!

ग्रंथांनी तिची दखल घेतलेली आहे. वात्स्यायनाच्या 64 कलांत तांदूळ व फुले यांच्या रचनेची कला येते. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 12व्या शतकातील 'मानसोल्लासा'त भुकटीच्या चित्राला 'धूलिचित्र' म्हटले आहे. राजाचे नाव राहिले. रोज पहाटे ज्यांनी ती काढली, त्या बायकांपैकी एकीचेही राहिले नाही.

तरी त्यांच्या मनात काय होते हे ताडता येते. त्यांनी काय काढले, ते पाहावे. चैत्रांगणात गौर असते, सूर्यचंद्र असतात, तुळशीवृंदावन, शंख, कमळ असते. आणि त्यांच्याच पंगतीला फणी, आरसा नि कुंकवाचा करंडा! चातुर्मासात गाईच्या खुरांची गोपद्मे उमटतात. लक्ष्मीपूजनाला तर केरसुणीलाच हळदकुंकू लागते. आपल्या घरांतून 'मी आपला आभारी आहे' असे म्हणायची रीत कधी नव्हती. जे राबते त्याला देवाशेजारी बसवायचे, हीच आपली आभाराची भाषा असावी, असे मला वाटते. आणि तिला खर्च तरी कितीसा? घाटावर शिरगोळ्याचा दगड कुटायचा, कोकणात भाताची फोले जाळून त्यांची पांढरी राख घ्यायची.

पण एक प्रश्न मला सुटत नाही. केरसुणीला वर्षातून एकदा तरी कुंकू लागले. केरसुणी धरणाऱ्या हाताचे काय? माझी आजी गुडघे धरून उठायची, सडा घालायची, ठिपके मांडायची. "आज कासव छान आलंय हो," असे घरातल्या कोणा पुरुषाने म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. ती मात्र फणी-करंड्याचीही आठवण ठेवून होती.

आता आमच्या दारापुढे दोन फरश्यांएवढी जागा उरली आहे. छापील रांगोळ्या बाजारात मिळतात. चिकटवल्या की वर्षभर बघायला नको. पण गेली दोन वर्षे वसुबारसेला मीच खाली बसतो. ठिपके तिरके जातात. सूनबाई हसते, नात "आजोबा, हे कासव की बटाटा?" म्हणून विचारते; पण शाळेला जाताना पाऊल उचलून, जपून ओलांडून जाते.