जोडीने येणारी संकटे : एका तरुण शाखेची ओळख

पाऊस, तापमान, वारा, समुद्राची पातळी यांच्या नोंदी आपण वेगवेगळ्या ठेवतो आणि त्यांचे विक्रमही वेगवेगळे मोजतो. नुकसान मात्र या वाटण्या पाळत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा मुंबईकरांना पाठ आहे. पण त्याच दिवशी समुद्राला मोठी भरती होती आणि शहरातले पाणी बाहेर पडायला वाट उरली नव्हती, हे ध्यानात घेतल्याखेरीज तो पूर पुरता कळत नाही.

अशा जुळून आलेल्या घटनांचा अभ्यास करणारी ही शाखा वयाने लहान आहे. हवामान बदलाविषयीच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २०१२च्या विशेष अहवालात ‘संयुक्त घटना’ ही कल्पना व्याख्येसह आली. पुढे तिला शिस्त देणाऱ्यांत याकोब चाइश्लर या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव अगत्याने घ्यावे लागते. वनस्पती वर्षभरात किती कार्बन शोषतात, यातले जगभरचे चढउतार मोजक्या तीव्र घटनाच बव्हंशी ठरवतात, हे त्यांनी सहकाऱ्यांसह २०१४मध्ये दाखवले. झ्युरिक, बर्न आणि लाइपझिग येथील पुढच्या कामात त्यांनी प्रश्नच उलटा धरला : आधी नुकसान पाहायचे, मग ते कशाकशाच्या संयोगाने झाले हे शोधायचे. मला या शाखेचे सगळ्यात मोठे देणे हेच वाटते.

नवख्या वाचकांनी सुरुवातीला एका साध्या हिशेबापाशी थांबावे. शंभर वर्षांतून एकदा येणारी उष्णता आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा कोरडेपणा यांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर दोन्ही एकाच वर्षी येण्याची शक्यता दहा हजारांत एक. पण संबंध असतो. माती सुकली की बाष्पीभवनात खर्च होणारी सूर्याची ऊर्जा हवा तापवण्यात जाते. ढग नसले की ऊनही जास्त पडते. म्हणून ही जोडी त्या हिशेबापेक्षा कितीतरी वेळा अधिक भेटते. चाइश्लर आणि हवामानशास्त्रज्ञ सोनिया सेनेविरत्ने यांनी २०१७मध्ये हेच जागतिक पातळीवर मांडले. हे परस्परावलंबन मोजायला ‘कॉप्युला’ नावाचे गणित वापरतात. ते पहिल्या वाचनात बाजूला ठेवले तरी चालेल, घाबरून पुस्तक मिटू नका.

घटक प्रत्येक वेळी विक्रमीच असतात असेही नाही. फ्रान्समध्ये २०१५च्या अखेरीस थंडीऐवजी ऊब राहिली आणि पुढच्या वसंतात पाऊस फार झाला. गव्हाचे उत्पादन आदल्या वर्षाच्या मानाने सुमारे ३० टक्क्यांनी घसरले. पिकाचे अंदाज बांधणाऱ्यांना ही घसरण आधी दिसली नव्हती, कारण असा संयोग त्यांच्या अनुभवातच नव्हता.

चाइश्लर व सहकाऱ्यांनी २०२०मध्ये या घटनांचे चार प्रकार पाडले. केरळात २०१८च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टी झाली तेव्हा जमीन भिजून तृप्त होती आणि धरणे भरत आली होती. ही झाली आधीच तयार असलेल्या परिस्थितीवर कोसळलेली घटना. मुंबईचा पूर अनेक घटक एकाच वेळी एकत्र येण्याचा. उरलेल्या दोन प्रकारांत एकाच जागी संकटे पाठोपाठ येतात, किंवा दूरदूरच्या प्रदेशांना एकाच काळात गाठतात. २०१०च्या उन्हाळ्यात रशिया होरपळला आणि पाकिस्तान बुडाला, त्यामागे वातावरणातली एकच अडून बसलेली रचना होती. रशियाने गव्हाची निर्यात थांबवल्यावर त्याची झळ दूरच्या बाजारांनाही बसली. हे चार कप्पे बंदिस्त मानू नयेत, एकच घटना दोन कप्प्यांत बसू शकते.

वाचकांनी आधी २०२०चा तो वर्गीकरणाचा लेख वाचावा. मग हवामान समितीच्या २०२१च्या अहवालातले अकरावे प्रकरण घ्यावे, ते सर्वांना मोफत उपलब्ध आहे. शेती, सिंचन, विमा किंवा नगररचनेत काम करणाऱ्यांनी तर हवामानशास्त्राची पदवी नाही म्हणून मागे राहू नये. नुकसान कुठे आणि कसे होते हे तुम्हांलाच सर्वांत जवळून माहीत असते, आणि या शाखेला त्या माहितीची आज फार गरज आहे.