खोताची वाडी

मुंबईच्या गिरगावातील, जगन्नाथ शंकरशेठ मार्गालगतची जुनी वस्ती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू जमीनमालकाने येथील भूखंड ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले. वाडीचे नाव त्यांच्यावरूनच पडले. ईस्ट इंडियन हे उत्तर कोकणातले मूळचे मराठीभाषक ख्रिस्ती. आपले हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, घेतले.

वाडीचे खरे वैभव तिच्या घरांत आहे. पोर्तुगीज वळणाची ही लाकडी घरे कौलारू असून पुढे उघडी ओटी, बाहेरून वर जाणारा जिना आणि नक्षीदार कठड्याची गॅलरी असते. ओटीवर बसले की गल्लीतून जाणाऱ्याशी सहज बोलता येते. शेजारधर्म इथे बांधणीतच आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की मोटारीची वर्दळ फारशी नाही, म्हणून भर शहरात गावची शांतता टिकली. गोमंतकी जेवणाचे ‘अनंताश्रम’ही इथलेच, ते आता बंद झाले आहे.

जुन्या लाकडाची डागडुजी खर्चिक आहे, आणि जमिनीचा भाव घरापेक्षा कितीतरी मोठा. एकेकाळी येथे अशी सुमारे ६५ घरे होती; आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत.