काटकसरी कुटुंब : खर्च व बचत (खानदेश)

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील मध्यम शेतकरी आणि शेतीशी नाते टिकवून असलेल्या नोकरदार घरांची खर्चाची, साठवणीची व शिलकीची रीत. आदिवासी पट्ट्यातील कमी खर्च हा तुटवडा असतो, काटकसर नव्हे. म्हणून तो या नोंदीत शेवटी स्वतंत्र दिला आहे.

सरासरी कुटुंब : तुलनेचा आधार केंद्र सरकारची घरगुती उपभोग खर्च पाहणी (ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३) हा आहे. तिच्यानुसार फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत न धरता महाराष्ट्रात दरमहा दरडोई खर्च ग्रामीण भागात ४,०१० रुपये, तर शहरी भागात ६,६५७ रुपये होता. देशाची सरासरी अनुक्रमे ३,७७३ व ६,४५९ रुपये. पाच माणसांच्या ग्रामीण घराला राज्याच्या सरासरीने महिना सुमारे २०,००० रुपये लागत होते. देशपातळीवर ग्रामीण खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ४६ टक्के होता. त्यातही एकूण खर्चाच्या ४.९ टक्के तृणधान्यांवर, तर ९.६ टक्के पेये व तयार खाद्यपदार्थांवर होत होता. धान्याच्या जवळजवळ दुप्पट पैसा पेये व तयार खाण्यावर जात होता, आणि खानदेशी काटकसरी घर सरासरीपासून नेमके इथेच वेगळे पडते.

साठवण : वर्षाचे धान्य सुगीत भरायचे, ही या घराची पहिली रीत. रब्बीची दादर ज्वारी आणि गहू, शिवाय तूर व उडीद उन्हे देऊन, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत जातात. फाल्गुन-चैत्रात वाळवणाला सुरुवात होते : उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया, शेवया, सांडगे. हे काम एकट्या घराचे नसते. गल्लीतल्या बायका आळीपाळीने एकमेकींकडे लाटायला जातात, मजुरी कोणी घेत नाही. पावसाळ्यात भाजी महागली की डाळीचे डुबुकवडे किंवा कळण्याची भाकरी आणि ठेचा यांवर जेवण होते. कपाशी उपटल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या सरपणाला येतात. गॅस आलेल्या घरांतही पाणी तापवायला चूल पेटते. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होतात. पाहणीत घरच्या शेतमालाची किंमत धरली जाते, पण लाटणाऱ्या-शिवणाऱ्या बाईच्या श्रमाची किंमत कोणत्याच रकान्यात येत नाही. काटकसरी घराचा खर्च कमी दिसतो, तो मोठ्या प्रमाणावर या बिनमोल श्रमामुळे. 

सोने : जळगावचा सराफ बाजार राज्यभर नावाजलेला आहे आणि खानदेशी घराची शिल्लक पिढ्यान्‌पिढ्या तिथे वळते. कापूस विकून पैसा दिवाळीनंतर हाती येतो. देणी भागवून उरलेल्यातून थोडे सोने घेतले जाते. पुढच्या जूनमध्ये बियाणे-खतासाठी तेच तारण ठेवायचे आणि कापूस विकला की सोडवायचे, असे चक्र चालते. त्यामुळे दागिना हा हौसेइतकाच पेरणीच्या भांडवलाचा भाग ठरतो. हिशेबाच्या दृष्टीने येथे मोठी गफलत होते. उपभोग पाहणीत दागिने टिकाऊ वस्तूंमध्ये, म्हणजे खर्चात मोजले जातात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या लेख्यांत मात्र सोन्याचांदीचे दागिने कुटुंबांच्या बचतीत धरतात. ज्या वर्षी घराने जास्त शिल्लक टाकली, त्याच वर्षी पाहणीत ते जास्त खर्चिक दिसू शकते. उलट विहीर, ठिबकच्या नळ्या किंवा केळीची रोपे यांवरचा पैसा उत्पादक खर्च म्हणून पाहणीबाहेर राहतो. तेव्हा खानदेशी घराची राज्याच्या सरासरीशी केलेली थेट तुलना सावधपणेच वाचावी.

भिशी, गट, पतसंस्था : भिशी सर्वत्र आहे. महिला बचत गट १९९२ च्या नाबार्डच्या बँकजोडणीनंतर वाढले. गटातली रक्कम लहान असली तरी ती बाईच्या नावावर राहते, हे त्याचे मोठेपण. पतसंस्थांचा जळगावातील अनुभव कटू आहे. तेथे मुख्यालय असलेली बीएचआर ही बहुराज्य पतसंस्था २०१५ मध्ये अवसायनात गेली व ठेवीदारांचे पैसे अडकले. जबाबदारीचे वाद न्यायालयांत गेले. बँकेतील ठेवीला २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे, पतसंस्थेच्या ठेवीला नाही. ज्यादा व्याजासाठी निवृत्तीची पुंजी तिथे ठेवणाऱ्यांत काटकसरी माणसेच पुष्कळ होती.

सणखर्च : आखाजीला (अक्षय तृतीया) लेकी माहेरी येतात, सालदाराचे सालही याच दिवशी ठरते. त्यामुळे घरखर्च आणि शेतखर्च दोन्ही एकदम येतात.

विवाहखर्च : कर्जाचे एक प्रमुख कारण. सामुदायिक विवाहांनी काही समाजांत तो घटला.

आदिवासी पट्टा : साक्री, शिरपूर भागांतील भिल्ल, पावरा कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल पावसाळ्यातच पोटासाठी खर्च होते आणि हंगामभराच्या मजुरीतून ती कापली जाते. या घराचा दरडोई खर्च काटकसरी घराइतकाच कमी भरू शकतो, पण मागे कोठी नसते, तारण ठेवायला दागिनाही नसतो.