पांडुपत्रतेचें निदान

लातूर-नांदेडकडील बागांतून हिंडतांना हिरव्या शिरांच्या जाळ्यांत अडकलेलीं पिवळीं पानें पुष्कळदां दृष्टीस पडतात. गुलाबाच्या वा मोगऱ्याच्या शेंड्यावर हा फिकटपणा उतरला, कीं 'झाडास खत कमी पडलें' असा निकाल घरोघर दिला जातो. आम्हींही एके काळीं तोच दिला, आणि लातुरांतील आमच्या अंगणांतल्या मोगऱ्याच्या दोन उत्तम झाडांचा युरियाच्या मुठीवर मुठी घालून स्वहस्तें अंत केला. तेव्हां या रोगाच्या निदानाचा इतिहास आम्हांस निव्वळ कुतूहलाचा विषय राहिलेला नाहीं.

पानें फिकी पडणें हा रोग होय, हें आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत झाडांच्या रोगांचीं जीं लक्षणें सांगितलीं, त्यांत पांडुपत्रता अग्रभागीं आहे; कोंबांची वाढ खुंटणें, फांद्या वाळणें, रस झरणें हीं मागून येतात. कारणें थंडी, वारा व ऊन. उपचार म्हणजे रोगट भाग शस्त्रानें तासून वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप आणि दूधपाण्याचें शिंपण. पुढें सुरपालानें वात, पित्त व कफ यांची वांटणी झाडांसही लागू केली आणि मांस, चरबी, मज्जा शिजवून व आंबवून केलेल्या कुणपजलाची महती गाइली. लातुराहून फार दूर नसलेल्या कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ११२९ च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासांतही उद्यानविद्येस स्थान आहे.

कुणपजलास हंसण्याचें कारण नाहीं. त्यांत नत्र होतें, स्फुरदही होतें. उणीव निराळीच होती. पिवळें पान दिसलें कीं निदान तेथेंच थांबे. आधीं पिवळें झालें तें जुनें पान कीं नवें, या भेदावर तें उभें नव्हतें. आणि सारें मर्म तर त्या भेदांतच आहे!

युरोपांत १८४३ च्या सुमारास यूसेब ग्री या फ्रेंच संशोधकानें लोहाच्या क्षारांनीं फिकीं पानें पुन्हां हिरवीं होतात हें दाखविलें. १८६० च्या सुमारास जर्मनींत युलियस साक्स यानें मातीवांचून, क्षार घातलेल्या पाण्यांत झाडें वाढविलीं. एकेक क्षार वगळून कशाच्या अभावीं काय बिघडतें तें पाहण्याचा मार्ग यामुळें मोकळा झाला. नत्र कमी पडलें, तर झाड तें जुन्या पानांतून काढून नव्यांस देतें. म्हणून खालचीं पानें आधीं पिवळीं पडतात. लोह असें हलत नाहीं; त्याची ददात कोवळ्या पानांस भोगावी लागते, शिरा मात्र हिरव्या राहतात. जस्ताच्या अभावीं पानें बारीक होऊन शेंड्यापाशीं दाटतात.

मराठवाड्याची काळी जमीन लोहाला दरिद्री नाहीं. बेसाल्टापासून झालेल्या मातींत तें विपुल आहे. परंतु चुनखडीच्या व अल्कधर्मी जमिनींत तें विरघळत नाहीं. घरांत धान्य असून कोठारास कुलूप, अशी झाडाची गत होते. विंधनविहिरीच्या जड पाण्यांतील बायकार्बोनेट ही अडचण वाढवितें. २०१६ सालीं ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें बागेस दुसरें पाणी कोठलें मागावें?

अशा मातींत हिराकस नुसती मुळाशीं घातली, तर तीही लौकरच कुलुपबंद होते. लिटरभर पाण्यांत पांच ग्रॅम हिराकस व थोडें सायट्रिक आम्ल विरघळवून सायंकाळीं पानांवर फवारावें, आणि आठदहा दिवसांनीं पुन्हां फवारावें, हें बरें. त्याआधीं माती तपासून घेणें अधिक बरें. २०१५ पासून सरकार देत असलेल्या मृद आरोग्य पत्रिकेंत लोह व जस्त यांचे रकाने आहेत.

आमच्या मेलेल्या मोगऱ्यांचीं खालचीं पानें शेवटपर्यंत हिरवीं होतीं, हें आम्हांस फार उशिरा आठवलें. तिसऱ्या झाडावर आम्हीं हिराकस फवारली. पंधरवड्यानें पाहिलें तों पानें सर्वत्र हिरवीं झालीं नव्हतीं; जेथें जेथें थेंब बसले होते, तेथें तेथें मात्र हिरवे ठिपके उमटले होते.