दिवाणखान्यातील खिडकी : टेलिफोनोस्कोपपासून दूरचित्रसंवादापर्यंत

ग्रॅहॅम बेल यांना दूरध्वनीचे पेटंट मिळाले १८७६ साली. त्यानंतर पुरती तीन वर्षेही उलटली नव्हती तोच, १८७८ च्या डिसेंबरात, लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकाच्या वार्षिकात जॉर्ज द्यू मोरिए या चित्रकाराचे एक व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. लंडनमधील एका सुखवस्तू घरात आईवडील बसले आहेत. शेकोटीच्या कट्ट्यावर भिंतभर रुंदीचा पडदा आहे. त्या पडद्यावर सिंहलद्वीपात राहणारी त्यांची मुले टेनिसच्या मैदानावर दिसत आहेत आणि नळी तोंडाशी धरून लेकीशी गप्पा चालल्या आहेत. चित्रकाराने या काल्पनिक यंत्राला 'एडिसनचा टेलिफोनोस्कोप' असे नाव दिले होते. हेतू एडिसनच्या नित्य नव्या शोधांची थट्टा करण्याचा. पण थट्टेच्या पोटी एक खरी व्यथा होती. साम्राज्याच्या कारभारासाठी मुले सातासमुद्रापार गेली होती आणि मागे राहिलेल्या आईबापांना पत्राच्या बोटीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढे १८८३ साली आल्बेर रोबिदा या फ्रेंच लेखक-चित्रकाराने 'विसावे शतक' या अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. तीतही टेलिफोनोस्कोप आहे; मात्र त्याची कामे वाढलेली आहेत. घरबसल्या नाटक पाहावे, जगाच्या वार्ता ऐकाव्यात आणि दूरदेशीच्या आप्तांशी समोरासमोर बोलावे, हे सारे एकाच काचेवर. आज चलच्चित्रे पुरविणारी पेटी, ध्वनिवर्धक आणि संभाषणाचा कॅमेरा ही तिन्ही एका यंत्रात गुंफण्याचा जो खटाटोप मोठमोठ्या कंपन्या करीत आहेत, त्याची संपूर्ण रूपरेषा अशी जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच कागदावर उतरली होती. कल्पना इतकी जुनी असता ती घरात यायला एवढा काळ का लागला, आणि आल्यावरही ती रुजताना इतकी का अडखळली, हा आमच्या मते या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

या कल्पनेचे तुकडे मात्र फार लवकर प्रत्यक्षात आले. १८८१ च्या पॅरिस येथील विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर या अभियंत्याने ऑपेरागृहातील गायन तारेवरून प्रदर्शनाच्या इमारतीत ऐकविले. रंगमंचावर दोन बाजूंना ध्वनिग्राहक ठेवून श्रोत्याच्या दोन कानांना दोन वेगळ्या तारा जोडलेल्या असल्याने गायक मंचावर कोणत्या बाजूला सरकला हेही कानाला कळे. यातूनच १८९० मध्ये 'थिएत्रोफोन' ही व्यावसायिक सेवा निघाली आणि १९३२ पर्यंत चालली. दम्याने घराबाहेर पडणे कठीण झालेला कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हा तिचा वर्गणीदार होता. बुडापेस्ट शहरात तिवादर पुश्काश याने १८९३ मध्ये 'टेलिफोन हिरमोंडो', म्हणजे तारेवरचे वृत्तपत्र, सुरू केले. ठरल्या वेळी बातम्या, बाजारभाव आणि संगीत घरोघरी कानाला लागे. आकाशवाणी जन्माला येण्यापूर्वीच श्रोता जन्माला आला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे प्रवाह फुटले. करमणूक बिनतारी लहरींवरून येऊ लागली. ती एका केंद्रातून लाखो घरांकडे जाणारी, एकमार्गी. संभाषण मात्र तारेवरच राहिले. ते दोघांचे, दुमार्गी. दोहोंची यंत्रे वेगळी, कायदे वेगळे आणि घरातील जागाही वेगळ्या.

आमच्यासारख्या जुन्या स्थायिक कुटुंबांना या वाटणीचा अर्थ निराळा सांगावयास नको. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या दौलतींबरोबर आपले पूर्वज ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याकडे आले तेव्हा देशाशी असलेला धागा जासुदाच्या थैलीतील मोडी पत्राचा होता. त्या पत्रांचा साचा ठरलेला असे : आधी येथील क्षेम कळवावयाचे, मग तिकडील क्षेम लिहीत जाण्याविषयी विनवावयाचे आणि शेवटी लेखनसीमा. पुढे टपाल आले, तार आली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला दिवाणखान्यात रेडिओ आला. त्याच्यावर विणलेले आच्छादन असे आणि त्याच्याभोवती सारे घर बसे. १९५२ पासून सिलोनच्या केंद्रावरून 'बिनाका गीतमाला' ऐकू येऊ लागली, तर १९५७ मध्ये आपली विविधभारती सुरू झाली. टेलिफोन असलाच तर तो ओसरीत किंवा कोपऱ्यातील तिवईवर. पुण्या-नागपुरास बोलावयाचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास बसावे लागे. देशातील पहिली थेट दूरध्वनी जोडणी कानपूर-लखनौ दरम्यान १९६० साली झाली. पण सामान्य माणसाला तिचा लाभ मिळाला तो ऐंशीच्या दशकानंतर गल्लोगल्ली निघालेल्या एसटीडीच्या टपऱ्यांमुळे. रात्री सवलतीचा दर लागू होण्याची वाट पाहत रांगेत उभी राहिलेली माणसे पुष्कळांना आठवत असतील. समोर लाल आकड्यांत रुपये पळत आणि बोलणे आटोपते घ्यावे लागे. क्षेमकुशलाचा साचा पुन्हा तेवढाच उरला.

पाश्चात्य देशांत दूरध्वनीला चित्राची जोड देण्याचे प्रयोग मात्र या काळात थांबले नव्हते. जर्मन टपाल खात्याने १९३६ मध्ये बर्लिन व लाइपझिग यांच्यामध्ये सार्वजनिक चित्रदूरध्वनी सुरू केला. दोन्ही शहरांतील ठरावीक केंद्रांवर जाऊन बोलावयाचे, असा तो प्रकार होता. महायुद्धात ती सेवा बंद पडली. अमेरिकेत बेल कंपनीने 'पिक्चरफोन' १९६४ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात मांडला. न्यूयॉर्क-वॉशिंग्टन दरम्यान तीन मिनिटांच्या संभाषणाला १६ डॉलर पडत. १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात तो घरी-कचेरीत देण्यास आरंभ झाला, तेव्हा महिन्याचे भाडे होते १६० डॉलर आणि त्यात तीस मिनिटांचे बोलणे मिळे. ग्राहक मिळेनात. ज्याच्याशी बोलावयाचे त्याच्याकडेही तेच यंत्र हवे, ही पहिली अडचण. घरातल्या अवतारात लोकांसमोर येण्याची अनिच्छा, ही दुसरी. आणि एका चित्रसंभाषणाला लागणाऱ्या वाहकक्षमतेत साधी संभाषणे शंभराच्या घरात मावत, ही तिसरी.

या तिसऱ्या अडचणीवर जो तोडगा निघाला त्यात भारतीय बुद्धीचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याकडे पुरेसा ठाऊक नाही. बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ च्या जानेवारीत एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. चित्राचे लहान लहान चौकोन पाडावेत, प्रत्येक चौकोनातील संथपणे बदलणारा भाग आणि बारीक कंगोऱ्यांचा भाग गणिताने वेगळा करावा, आणि डोळ्याला फारसा न जाणवणारा भाग गाळून टाकावा, अशी सोय या गणिताने झाली. पुढील चित्रात मागच्यापेक्षा जेवढे बदलले तेवढेच पाठवावयाचे, ही युक्ती तिला जोडली गेली. १९८८ पासून जे आंतरराष्ट्रीय चित्रसंवाद-मानक प्रचारात आले त्याच्या मुळाशी हेच गणित आहे. आज अमेरिकेतील नातवाचा चेहरा आपल्या भिंतीवर उमटतो तो या गाळण्याच्या कलेमुळे.

दुसरा प्रश्न आवाजाचा होता. ध्वनिवर्धक आणि ध्वनिग्राहक एकाच खोलीत असले की पलीकडच्याचे बोलणे आपल्या ध्वनिवर्धकातून निघून आपल्याच ध्वनिग्राहकात शिरते आणि त्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. उपग्रहामार्फत होणाऱ्या संभाषणांत वेळ अधिक लागत असल्याने हा दोष असह्य होई. बेल प्रयोगशाळेतील मन मोहन सोंधी यांनी १९६७ मध्ये प्रतिध्वनी पुसून टाकणाऱ्या स्वयंशिक्षित योजनेवर निबंध लिहिला. खोलीत आवाज कसा घुमतो याचा अंदाज यंत्राने आपणच बांधीत जावे आणि तेवढा भाग वजा करावा, हे त्यातील मर्म. चित्रपटाचा आवाज मोठ्याने चालू असताना यंत्राला आपली हाक ऐकू यावी, हे तिन्ही यंत्रे एकत्र आणतानाचे सर्वांत अवघड काम आहे. आणि त्याचा पाया असा साठ वर्षांपूर्वीचा आहे.

फुटलेले प्रवाह पुन्हा एकत्र आले ते इंटरनेटमुळे. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते सर्वसामान्यांसाठी खुले झाले आणि २००३ मध्ये स्काइप आले. करमणूक आणि संभाषण दोन्ही एकाच तारेतून, एकाच प्रकारच्या तुकड्यांच्या रूपाने वाहू लागल्यावर ती एकाच पेटीत का असू नयेत, असे कोणालाही वाटणारच. २०१० साली लॉजिटेक कंपनीने 'रेव्ह्यू' ही पेटी काढली. ती दूरचित्रवाणीला जोडावयाची आणि कॅमेरा वेगळा विकत घ्यावयाचा. पुढच्याच वर्षी कंपनीच्या प्रमुखांनी या उद्योगात दहा कोटी डॉलरहून अधिक नफा गमावल्याची कबुली दिली. त्याच सुमारास सिस्को कंपनीचे 'उमी' आले : किंमत ५९९ डॉलर, वर महिन्याला सुमारे २५ डॉलर. दोन वर्षांच्या आत तेही आटोपले. फेसबुकने २०१९ मध्ये अवघ्या १४९ डॉलरला 'पोर्टल टीव्ही' आणला. खोलीत माणूस हिंडला तर कॅमेऱ्याची चौकट त्याच्यामागे फिरे आणि भिंगावर सरकते झाकणही होते. यंत्र गुणी होते. पण लोकांची माहिती परस्पर राजकीय कामासाठी वापरली गेल्याचे केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण २०१८ मध्ये उघड झालेले. अशा कंपनीचा डोळा दिवाणखान्यात कोण बसविणार? २०२२ मध्ये तोही उद्योग गुंडाळला गेला. ॲपल कंपनी पेटी, ध्वनिवर्धक व कॅमेरा यांचे एकच यंत्र तयार करीत असल्याचे वृत्त २०२१ मध्ये ब्लूमबर्गने दिले होते. २०२३ मध्ये तिने प्रत्यक्षात आणली ती निराळी सोय : खिशातला फोनच दूरचित्रवाणीजवळ ठेवून त्याचा कॅमेरा वापरावयाचा. आपल्याकडे २०१९ मध्ये जिओ फायबरच्या घोषणेतही दूरचित्रवाणीवरून चित्रसंभाषणाचा समावेश होता.

म्हणजे पिट्सबर्गमध्ये आडव्या आलेल्या अडचणींपैकी वाहकक्षमतेची संपली, किमतीची बरीचशी संपली. उरली ती माणसाच्या संकोचाची. शिवाय एक नवा प्रतिस्पर्धी उभा राहिला होता : हातातला फोन. २०१६ च्या अखेरीस व्हॉट्सॲपवर चित्रसंभाषण आले, त्याच वर्षी स्वस्त डेटाही आला, आणि वेगळी पेटी घेण्याचे कारणच बहुतेकांना उरले नाही.

तरीही हा विषय एवढ्यावर मिटला असे आम्हांस वाटत नाही. फोन हा एकाचा असतो, दिवाणखाना सर्वांचा. आपल्या घरांत मराठी टिकली ती शाळेमुळे नव्हे. बाहेर हिंदी, गुजराती, कानडी किंवा तेलुगू बोलणारी मुले उंबऱ्याच्या आत आजी-आत्यांच्या बोलण्यात वाढली, म्हणून टिकली. लहान मूल भाषा शिकते ते स्वतःशी न बोललेल्या शब्दांतूनही : मोठी माणसे आपसात बोलत असतात आणि ते शेजारी खेळत असते. हातभर अंतरावरच्या फोनवर नातवाला 'जेवलास का, अभ्यास कसा चाललाय' एवढे विचारून होते. मोडी पत्राचा तोच साचा, आणि मुलगा इंग्रजीत उत्तर देऊन पळतो. याउलट पडदा भिंतीवर असला, पलीकडेही सारे घर समोर बसलेले असले आणि घाई नसली, तर मोदकाच्या पारीवरून वाद होतो, जुन्या वाड्याची गोष्ट निघते, कुणी कुणाची नक्कल करते. २०२० च्या टाळेबंदीत मुंजी, लग्ने, श्राद्धेसुद्धा पडद्यावरून झाली, तेव्हा हा फरक कित्येक घरांनी अनुभवला आहे.

म्हणून अशा यंत्राकडे पाठ फिरवावी असे आम्ही म्हणणार नाही. पण ते घरात घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. डोळ्यावर झाकण हवे आणि ते सरकविण्याचा अधिकार घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती हवा. मुलाने परदेशातून आईवडिलांची खोली न विचारता पाहावी, हे काळजीपोटी असले तरी उचित नव्हे. दुसरे असे की, ही यंत्रे पितळी भांड्यांसारखी पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी नाहीत. कंपनीने सेवा आखडती घेतली की चालू पेटीचेही एकेक काम बंद पडत जाते. दोनशे वर्षांपूर्वीचे मोडी पत्र वाचता येणारा माणूस सापडला तर ते आजही वाचता येते. गेल्या दिवाळीचे पडद्यावरील संभाषण कोणी जपून ठेवले नसेल तर ते गेले. तेव्हा आजीची ओवी, आजोबांनी सांगितलेली वतनाची हकिकत असे काही बोलण्यात निघाले, तर ते त्याच वेळी ध्वनिमुद्रित करावे आणि त्याची एक नक्कल घरात, आपल्या ताब्यात ठेवावी. जासूद, टपाल, टपरी आणि पडदा हे वाहक बदलत आले आणि पुढेही बदलतील. घरचा कागद घरात राहिला पाहिजे.