शेअर्ड मेमरी मर्यादा

एकाच संगणकावर चालणाऱ्या अनेक प्रोसेसना मेमरीचा एकच तुकडा मिळून वापरता येतो. अशा तुकड्यांचा आकार, त्यांची संख्या आणि सर्वांची मिळून बेरीज यांवर ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलने घातलेली बंधने म्हणजे शेअर्ड मेमरी मर्यादा. युनिक्स आणि लिनक्सवर डेटाबेस चालवणाऱ्यांना हे आकडे वर्षानुवर्षे तोंडपाठ ठेवावे लागले, कारण कर्नलसोबत आलेले मूळ आकडे त्यांच्या कामाला क्वचितच पुरत.

ही सोय बेल लॅब्जच्या कोलंबस केंद्रातील अंतर्गत युनिक्समध्ये घडली आणि 1983 मध्ये सिस्टिम फाइव्ह युनिक्समधून सर्वत्र पोचली. प्रोसेस ‘शमगेट’ या सिस्टिम कॉलने तुकडा मागते आणि ‘शमॅट’ने तो आपल्या पत्त्यांच्या अवकाशात जोडून घेते. एका प्रोसेसने लिहिलेले दुसरीला तत्काळ दिसते, मधे नक्कल करावी लागत नाही. सिस्टिम फाइव्ह पद्धतीत तुकडा ज्या प्रोसेसने बनवला ती संपली तरी तो संपत नाही. कोणीतरी तो काढून टाकेपर्यंत किंवा यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत तो मेमरी अडवून बसतो. मेमरी तुटपुंजी आणि यंत्र अनेकांचे असे, त्या काळात कर्नलने यावर लगाम ठेवणे रास्तच होते.

लिनक्समध्ये हा लगाम मुख्यतः तीन आकड्यांचा आहे. शममॅक्स म्हणजे एका तुकड्याचा कमाल आकार; तो बाइटमध्ये मोजतात. शमऑल म्हणजे सगळ्या तुकड्यांची मिळून मर्यादा. ती पानांमध्ये, म्हणजे बहुतेक यंत्रांवर 4096 बाइटच्या एककात मोजतात. शमएमएनआय म्हणजे तुकड्यांची कमाल संख्या. तिचे मूळ मूल्य लिनक्स 2.4 पासून 4096 आहे. शममॅक्सचे मूळ मूल्य दीर्घकाळ 32 एमबी होते, तर शमऑलचे 20,97,152 पाने, म्हणजे 8 जीबी. मॅक ओएस एक्स याहून कंजूष होती. तिथे एका तुकड्याला 4 एमबी आणि सगळ्यांना मिळूनही 4 एमबीच.

एककांतल्या या फरकाने अनेकांना फसवले. 4 जीबीचा तुकडा हवा असेल तर शममॅक्स निदान 4,29,49,67,296 ठेवावा लागतो, पण तेवढ्याच मेमरीसाठी शमऑलमध्ये 10,48,576 पुरतात. शममॅक्स 12 जीबीपर्यंत वाढवला आणि शमऑल जुन्याच 8 जीबीवर राहिला, तर मोठा तुकडा मागताच कर्नल ‘डिव्हाइसवर जागा नाही’ या अर्थाची त्रुटी देतो. डिस्क रिकामीच असते. भरलेली असते ती शेअर्ड मेमरीची मर्यादा. मागणी शममॅक्सच्या वर गेली तर मात्र ‘अवैध आर्ग्युमेंट’ एवढेच उत्तर मिळते.

या त्रुटींचा सर्वाधिक त्रास पोस्टग्रेसक्यूएलला झाला. हा डेटाबेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस काढतो, म्हणून डिस्कवरून वाचलेली पाने ठेवण्याची बफर-जागा सर्वांना सामाईक लागते. 9.2 आवृत्तीपर्यंत ही सारी जागा सिस्टिम फाइव्हच्या एकाच तुकड्यातून घेतली जाई. बफर थोडे वाढवून सर्व्हर सुरू केला की तो उभाच राहत नसे, आणि त्रुटीच्या ओळींतच शममॅक्स वाढवण्याचा सल्ला छापून येई. ओरॅकलची अडचण सौम्य होती: मर्यादा लहान असली तर तो आपला सामाईक भाग अनेक तुकड्यांत वाटून घेत असे.

लिनक्सवर उपाय तसा सोपा. ‘आयपीसीएस’ या आज्ञेने चालू मर्यादा आणि जिवंत तुकडे दिसतात. ‘सिससीटीएल’ने नवा आकडा लगेच लागू होतो, आणि तोच त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलीत लिहिला की यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही टिकतो. जुन्या सोलारिसवर मात्र फाइल बदलून यंत्रच पुन्हा सुरू करावे लागे. सोलारिस 10 ने 2005 मध्ये ही मर्यादा ‘प्रोजेक्ट’ या प्रशासकीय गटाशी जोडली आणि तिचे मूळ मूल्य प्रत्यक्ष मेमरीच्या एक चतुर्थांश ठेवले. यंत्राच्या मेमरीबरोबर मर्यादाही वाढावी, ही सोय त्यात आपोआप आली.

पोस्टग्रेसक्यूएलने अखेर स्वतःच वाट बदलली. सप्टेंबर 2013 मधील 9.3 आवृत्तीपासून मोठी जागा ‘एममॅप’ या कॉलने, निनावी सामाईक मेमरी म्हणून घेतली जाते. शममॅक्स व शमऑल तिला लागू होत नाहीत. मूळ प्रोसेसमधून निघालेल्या सगळ्या प्रोसेसना ती वारशाने मिळते. तरीही सिस्टिम फाइव्हचा काही बाइटचा एक तुकडा मुद्दाम राखला गेला. अशा तुकड्याला किती प्रोसेस जोडलेल्या आहेत हे कर्नल मोजून ठेवतो; मुख्य प्रोसेस अचानक मेली आणि तिची अपत्ये मागे राहिली, तर त्या मोजणीवरून ते कळते आणि त्याच डेटावर दुसरा सर्व्हर सुरू होण्याचे टळते. एममॅपच्या मेमरीला अशी मोजणी विचारता येत नाही.

ऑगस्ट 2014 मध्ये लिनक्स 3.16 ने मूळ आकडेच बदलले. शममॅक्स आणि शमऑल ही दोन्ही मूल्ये जवळजवळ अमर्याद झाली. 64 बिटच्या यंत्रावर 18446744073692774399 असा आकडा दिसतो तो यामुळेच. शक्य त्या सर्वात मोठ्या संख्येपेक्षा तो बरोबर 1,67,77,216 ने कमी आहे. चालू मर्यादा वाचून तिच्यात भर घालणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट्स अनेक ठिकाणी चालत होत्या. कमाल संख्येतच भर पडली असती तर बेरीज उलटून अगदी लहान झाली असती, म्हणून ही फट ठेवली गेली. प्रशासकाला हवी तर तो आजही मर्यादा खाली आणू शकतो.

सिस्टिम फाइव्हहून वेगळ्या, पॉझिक्स या मानकाच्या पद्धतीच्या शेअर्ड मेमरीला शममॅक्स कधीच लागू नव्हता. लिनक्सवर ती ‘डेव्ह-शम’ या मेमरीतल्या फाइल सिस्टिममध्ये राहते, आणि तिची मूळ मर्यादा सहसा प्रत्यक्ष मेमरीच्या निम्मी असते. डॉकरच्या कंटेनरमध्ये मात्र ती 64 एमबीच असते. कंटेनरमध्ये चालवलेला क्रोम ब्राउझर त्यामुळे कोसळतो, तर पोस्टग्रेसक्यूएलच्या समांतर क्वेरी जागा नसल्याची तीच जुनी त्रुटी देऊन थांबतात. डॉकरमध्ये कंटेनर सुरू करताना ‘शम-साइझ’ हा पर्याय देऊन मर्यादा वाढवता येते. कुबरनेटिसमध्ये त्या जागी मेमरीवर आधारलेला व्हॉल्यूम जोडतात.