पुण्याची स्कूटर-विद्या

पुणे शहराच्या औद्योगिक इतिहासात बजाजच्या आकुर्डी येथील स्कूटर-कारखान्याला जे मानाचे पान मिळाले आहे ते यथायोग्यच आहे; परंतु त्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाड्या ज्यांनी पुढे वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षे चालत्या ठेवल्या, त्या पेठांतल्या मिस्त्री लोकांची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही, आणि म्हणून या शहरात अर्धशतकभर नांदलेली एक संपूर्ण विद्या, तिचे ग्रंथ नसल्यामुळे, अस्तंगत होतानाही कोणाच्या ध्यानात आली नाही.

या विद्येचे मूळ सरकारी परवान्यात आहे, असे माझे मत आहे. विमानांचे अभियंते कोरादीनो दास्कानिओ यांनी घडवलेली व्हेस्पा १९४६ साली इटलीत अवतरली. पुढे बजाज ऑटो झालेल्या बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून परदेशी दुचाक्या-तीनचाक्या आयात करून विकण्यास आरंभ केला. १९५९ साली निर्मितीचा परवाना मिळाला, १९६० साली बजाज ऑटो ही सार्वजनिक कंपनी झाली, आणि व्हेस्पाच्या निर्मात्या पिआजिओशी झालेला करार १९७१ साली संपुष्टात आल्यावर १९७२ साली राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण करून चेतक रस्त्यावर आली. त्याच साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना काढली. मागणी अफाट, आणि किती गाड्या काढायच्या याचा हुकूम मात्र दिल्लीचा, अशा त्या अमलात अर्ज करून पैसे भरलेल्या गृहस्थाला स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. सबब जी गाडी हाती आली ती टाकून नवी घेण्याची कल्पनाच संभवत नव्हती. दुरुस्ती हाच एकमेव इलाज होता, आणि सायकलींच्या या शहरात पाना-पक्कड धरण्याचा सराव असलेले हात स्कूटरकडे वळण्यास फारसा विलंब लागला नाही.

स्कूटरच्या रचनेत चालकाची इच्छा इंजिनापर्यंत पोहोचवणारी वस्तू म्हणजे एक्सलरेटरची केबल. पत्र्याच्या सांगाड्याच्या पोटातून, गिअरच्या दोन केबली, क्लच आणि ब्रेक यांच्या सोबतीने ती उजव्या मुठीपासून मागच्या कार्ब्युरेटरपर्यंत जाते. मूठ पिळली की आतली तार ओढली जाते, कार्ब्युरेटरमधली स्लाइड उघडते आणि हवा-पेट्रोलाचे अधिक मिश्रण इंजिनात शिरते. तुटण्यापूर्वी या तारेचे एकेक पदर सुटू लागतात, मूठ जड होते, सोडली तरी लगेच मागे फिरत नाही. ही लक्षणे न ओळखणारा मनुष्य मग लक्ष्मी रस्त्यावर ऐन गर्दीच्या वेळी, इंजिन चालू असूनही जागच्या जागी उभा राहतो. अशा प्रसंगी मुरलेला स्वार डिकीतला स्क्रू ड्रायव्हर काढून आयडलिंगचा स्क्रू आवळत असे, म्हणजे स्लाइड थोडी उघडी राहून इंजिन आपसूक रेस घेई, आणि मग केवळ क्लच-गिअरच्या बळावर तो गॅरेजपर्यंत पोहोचत असे.

गॅरेजातही अनाडी हात आणि जाणता हात यांची पारख याच कामात होई. अनाडी मनुष्य जुनी केबल आवरणासकट उपसून काढी आणि नवी घालण्याची वाट शोधत बसे. जाणता मिस्त्री जुनीच्या शेपटीला नवी बांधून जुनी ओढी, की नवी तिच्या मागोमाग सांगाड्यातल्या नेमक्या मार्गाने येऊन हजर होई. तारेला ग्रीस लावणे, निपल मुठीच्या खाचेत नीट बसले आहे याची खात्री करणे, दुसरे टोक आवळताना किंचित ढील राखणे, आणि शेवटी इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहणे: वळवताना आवाज चढला तर केबल ताणलेली आहे, पुन्हा सोडा. ही शेवटची परीक्षा न घेता गाडी गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करणाऱ्याला उस्तादाकडून जे ऐकावे लागे ते येथे लिहिण्याजोगे नाही.

कार्ब्युरेटरची जुळणी ही मात्र याहून सूक्ष्म कला होय. तक्रार बहुधा एकाच वाक्यात येई, की गाडी मिसिंग करते आहे. आणि निदानही बहुधा एकच असे, की कचरा आला आहे. फ्लोटची वाटी काढावी, मेन जेट आणि पायलट जेट सोडवून पेट्रोलात धुवावेत, फुंकर मारून उजेडाकडे धरावेत, इतपत काम पोऱ्यानेही करावे. त्यानंतर इंजिन चांगले तापवून मिश्रणाचा स्क्रू पूर्ण आवळायचा, दीड-दोन फेरे सोडायचा, आणि मग अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने पुढे-मागे करीत जेथे आवाज सर्वांत भरीव व एकसारखा होईल ते स्थान कानाने शोधायचे. पंगतीच्या आमटीचे मीठ चव न घेता वासावरून सांगणारे आचारी असत, तशी ही सिद्धी होती. येथे एक बारकावा असा, की चेतकच्या स्पाको कार्ब्युरेटरचा हा स्क्रू आवळला की पेट्रोल कमी होते, तर मिकुनी पद्धतीच्या मोटारसायकलींत तो हवेचा स्क्रू असल्यामुळे आवळला की हवा कमी होऊन पेट्रोलाचे प्रमाण वाढते. यामाहा आर एक्स १०० वर हात बसलेला पोरगा स्कूटरकडे आला की दोन दिवस उलटेच करीत असे.

न्यायनिवाडा अखेरीस स्पार्क प्लगच्या रंगावर होई. काळा आणि तेलकट तर पेट्रोल जास्त, पांढुरका तर कमी, आणि कॉफीसारखा तपकिरी तर उत्तम. पुणेकर गिऱ्हाईक मात्र रंगाविषयी उदासीन आणि ॲव्हरेजविषयी अत्यंत जागरूक. त्याच्या आग्रहास्तव मिश्रण फार पातळ केले तर टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलासोबत येणारे शेकडा २ ऑइलही कमी मिळते, सिलिंडर तापतो आणि एखाद्या दुपारी कात्रजच्या घाटात पिस्टन जाम होते. वाचवलेल्या पेट्रोलाचा हिशेब मग बोअरिंगच्या बिलात फेडावा लागे, आणि तरीही पुढच्या खेपेस मागणी तीच असे.

या श्रुतिप्रधान विद्येला पहिला शह मापनयंत्राने दिला, आणि ते मापनही याच शहरात चाले, हा एक योगायोग म्हणावा. १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया वेताळ टेकडीवर आहे. गाड्यांच्या धुरातले विषारी वायू मोजून त्यांना मान्यता देण्याचे काम तेथे होते. १९९१ पासून पेट्रोल वाहनांच्या धुराला मर्यादा आल्या, त्या उत्तरोत्तर कडक झाल्या, रस्तोरस्ती पीयूसीची केंद्रे निघाली. आरंभी मिस्त्रीचे काही बिघडले नाही. केंद्राने नापास केलेली गाडी त्याच्याकडे येई, तो स्क्रू किंचित फिरवी आणि ती परत जाऊन पास होई. तथापि १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहा लागू झाल्यावर नव्या दुचाक्यांतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला, आणि पेट्रोल किती सोडायचे हा निर्णय संगणकाच्या हाती गेला. केबल मात्र बहुतेक गाड्यांत टिकली. मूठ पिळायची पद्धत कायम होती.

चेतकची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. बजाजने २००९ च्या डिसेंबरात स्कूटर-निर्मितीतून बाहेर पडण्याचे जाहीर केले, आणि दहा वर्षांनी, १६ ऑक्टोबर २०१९ रोजी, तेच नाव विजेच्या स्कूटरला देऊन पुणे आणि बंगळूर येथे प्रथम तिची विक्री करण्याची तजवीज केली. तिला ना जेट, ना स्लाइड, ना एक्सलरेटरची तार. आमच्या उस्तादाने तिच्यापुढे स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसावे तरी नेमके कोठे? नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत जुन्या चेतकसाठी केबल मागणारा हौशी मनुष्य अजून दिसतो. ती घेऊन झाल्यावर तो दुकानदाराला हटकून विचारतो, ट्यूनिंग करून देणारा कोणी ओळखीचा आहे का.